आईची सहामाही आणि डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा

मु. पो. आळे, ता. जुन्नर
(तारीख तुझ्या वहिनीला, भागूला विचारून वर घालणार होतो, पण ती चिडलेली आहे. ज्येष्ठ लागलाय एवढं समज.)

चि. भिमास दादाभाऊचे अनेक आशीर्वाद. सौ. दिशालाही आशीर्वाद. (हल्ली ती पाया पडायच्या ऐवजी गाडीतूनच हात हलवते, पण माझा आशीर्वाद काचेतून आत जातो, काळजी नको.) पोरांना गोड पापा, आणि त्यांच्या परीक्षेचे मार्क कळवू नका, इथं भागू ते सगळ्या आळीला सांगत फिरते. तुझी अ‍ॅसिडिटी कशी आहे? सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी पी आणि ऑफिसातल्या साहेबाला मनातल्या मनात एक शिवी दे. मी दोन्ही करून पाहिलंय, पाण्यापेक्षा शिवीचा गुण लवकर येतो. इकडे आम्ही खुशाल. पाऊस अजून नाही, टोमॅटोला भाव नाही, आणि आपल्या लेंडीखताला मात्र मागणी वाढली आहे. पुण्यातल्या बाल्कन्यांमधले गुलाब आता आपल्या मेंढरांच्या जिवावर फुलतात. ज्या लेंडीला आपले आबा दाराबाहेर झाडून टाकत, तीच मी पाकिटात भरून, वर फुलाचं चित्र छापून विकतो आणि लोक मला शेठ म्हणतात. असो.

तू म्हणशील, दादा फोन सोडून कागदावर का उतरला. त्याचं असं आहे, या घरात एकट्यानं फोन करायची सोय राहिलेली नाही. मी 'हॅलो' म्हणालो की आई खाटेवरून उठते आणि माझ्या शेजारी बसून फोनच्या पाठीला कान लावते. ग्रुपवर लिहावं, तर त्या ग्रुपात आपले एवढे पावणे भरलेत की मी 'ताप आलाय' लिहिलं तरी निम्मे लोक अंगठा दाखवतात आणि दोघंतिघं वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. तेव्हा हे पत्र. मुद्दा लांबचा आहे. दिशाला चहा ठेवायला सांग, नाहीतर तूच ठेव, तिच्या चहात साखर नसते.

अक्षय तृतीयेला आई तुझ्याकडे पोचायला हवी होती. अक्षय तृतीया ते दसरा तुझी सहामाही, दसरा ते अक्षय तृतीया माझी, आणि ज्याची सहामाही संपली त्यानं तिला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, हा नियम आईनंच घातलेला. (तू दोनदा 'मी येऊन घेऊन जातो' म्हणालास, तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय कुणाच्या शेतात खताला बसवायला न्यायची मेंढरं हाय व्हय? पोचवायला मानानं या.") आता अक्षय तृतीया केव्हाच मागे पडली, आणि आई अजून इथं ओट्यावर बसून लसूण सोलते आहे. परवा तू मला मेसेजमध्ये नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलंस. एवढ्या वर्षांच्या व्यापारात माझे कान तयार झालेत. समोरचा 'बरं' म्हणाला की तो 'बरं' रोखीचा आहे की उधारीचा, मला ऐकू येतं. तुझं प्रश्नचिन्हही मला ऐकू आलं. ते चांगलं तडकलेलं होतं. दिशालाही वाटत असणार की थोरल्या जावेनं काहीतरी खोडा घातला, किंवा आमचा तिच्यावर भरवसा नाही. आपल्या चुलत्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. आजी कुणाच्या घरी राहणार यावरून दोघे बोलायचे थांबले, आणि आजी गेल्यावर कारण उरलं नाही तरी अबोला उरला. तसलं आपलं होऊ नये, म्हणून जे घडलं ते सविस्तर कळवतो. दोष असलाच तर तो गाडीचा आहे.

तर पहिल्यांदा निघालो तो दिवस. आईचं गाठोडं डिकीत. त्यात घोंगडी, बाजरीचं पीठ, कुरडया, आणि एक वरवंटा. (पाटा नाही, नुसता वरवंटा. दिशाच्या मिक्सरवर तिचा विश्वास नाही, पण पाटा तिथला कुठलाही चालेल म्हणते. अकराव्या मजल्यावर पाटा कुठून येणार, हे मी विचारलं नाही.) आळीतल्या बाया जमल्या. ओटी भरली. शेजारच्या साळुबाईंनी गळ्यात पडून असा काही सूर लावला की रस्त्यावरून चाललेला एक मोटरसायकलवाला टोपी काढून उभा राहिला. आईही रीतीप्रमाणे रडली, डोळे पुसले, आणि पुढच्या सीटवर मांडी घालून बसली. नारायणगावच्या बायपासला लागलो नाही तोच डॅशबोर्डावर 'टुंग' झालं आणि एक पिवळं चित्र उजळलं. तू कंपनीतला माणूस, तुला ठाऊक असेल. तोंड उघडं पडलेलं मडकं, बुडाला दात आल्यासारखे, आणि मधोमध उद्गारचिन्ह. आई म्हणाली, "दादा, हे मडकं कशानं पेटलं?" मी सांगितलं, आये, चाकातली हवा कमी झाली की पेटतं. त्यावर तिनं काचेतून खाली चाकाकडं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी आपुन हवेवर चाललोय व्हय? मला वाटलं, आत भरीव हाय." मी म्हणालो, आळेफाट्यापर्यंत मागं जायला नको, इथंच कुठं हवा भरून पुढं जाऊ. पण तिनं दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि, "वळीव. निघताना अपशकुन झाला. दिवा इझला की जाऊ." वळवली.

आळेफाट्यावर गेणभाऊकडे गेलो. गेणभाऊ पंक्चरवाला माझ्याच वर्गातला, तुला आठवत नसेल, शाळेतही तो खडूनं फळ्यापेक्षा पुढं बसलेल्याच्या पाठीवर जास्त लिहायचा. त्यानं पुढचं डावं चाक काढलं, आत पत्र्याचा खिळा सापडला, आणि तो चिमट्यात धरून त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर मला दाखवला. "दादाभाऊ, ह्यो तुमच्याच शेडचा खिळा हाय. शेठ झालात, पण खिळे अजून वाकडे मारता राव." रबराची दोरी भोकात कोंबून पंक्चर काढलं. दिवा विझला. इथपर्यंतचं सगळं सरळ. घोळ याच्यापुढं सुरू झाला.

दुसऱ्या वेळी अमावस्या टळेपर्यंत थांबलो, मग सोमवार आला, सोमवारी आई नवीन कामाला निघत नाही, म्हणून मंगळवार धरला. पुन्हा गाठोडं, पुन्हा ओटी, पुन्हा साळुबाई. सूर पहिल्यापेक्षा थोडा खाली होता, पण लावला. मी किल्ली फिरवली आणि दारातच टुंग. या वेळी मागचं डावं. आई हँडल न धरताच खाली उतरली. बाया डोळे पुसत आपापल्या घरी गेल्या. (तिसऱ्या वेळी साळुबाईंनी निरोप पाठवला, "गाडी फाट्याच्या पुढं गेली की मिस कॉल द्या, मंग रडायला बसते. रिकामं रडून रडून चुलीवरचं करपतंय.")

गेणभाऊनं ते चाक साबणाच्या पाण्यात बुडवलं, फिरवलं, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. काही नाही. मग मी म्हणालो, थांब, मी ऐकतो. तुला माहीत आहे, आपली मेंढरं होती तेव्हा कळप पुढून चालला की लंगडं कुठलं ते मी डोळे मिटून सांगत असे. आबा त्यासाठी मला कळपाच्या मागं ठेवत. (तू तेव्हा आईच्या काखेत होतास आणि फक्त खात होतास.) मी टायरला कान लावला. सगळ्यांना गप्प केलं. फाट्यावरच्या ट्रकांचे हॉर्न सोडले तर शांतता. खरोखर एक बारीक गुडगुड ऐकू आली. मी विजयानं मान वर केली, तर गेणभाऊ म्हणाला, "भाऊ, ते माझं पोट हाय. सकाळपासून चहावर हाय मी." शेवटी त्याचं मत पडलं की टायर धडधाकट आहे आणि मीटरला वेड लागलंय.

मग चंपालालजींकडे गेलो. फाट्यावर त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण आता त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि धंदा माझ्यापेक्षा जुना. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून मला समजावलं, "दादाभाऊ, साधी हवा चंचल. नायट्रोजन भरा, तो स्थिर असतो." मी विचारलं, चंपालालजी, साध्या हवेत काय असतं? ते म्हणाले, "त्यात पण बहुतेक नायट्रोजनच." मग फरक काय? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या दुकानात फळ्यावर लिहून लावणार आहे. म्हणाले, "तो फुकटचा असतो. फुकटच्या मालाला जबाबदारी नसते." मी चारही चाकांत जबाबदार हवा भरून घेतली. ओळखू यावी म्हणून त्यांनी व्हॉल्व्हवर हिरव्या टोप्या घातल्या. गाडी कशी कानात बुगड्या घातलेल्या नव्या नवरीसारखी दिसायला लागली. भागूनं एक फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मागचं डावं, तेच मडकं. जबाबदार हवाही पळून गेली. चंपालालजी म्हणाले, "असं होत नाही." मी म्हणालो, झालंय. ते म्हणाले, "झालं असेल, पण होत नाही."

आता आई पुढं झाली. तिचं म्हणणं, गाडीला नजर लागली आहे, आणि ज्या कुणी लावली तो आळीतलाच आहे, नाव घेत नाही. (मग तिनं तीन नावं घेतली.) तिनं देवघरातला भंडारा आणला आणि डॅशबोर्डावर, त्या मडक्यावर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्या जाळ्यांवर मूठ मूठ उधळला. मी तेव्हा दुकानात होतो. त्याच दिवशी मी शोरूमची वेळ घेतली होती, आणि ऊन असं पडलेलं की गाडीत बसल्या बसल्या एसी सगळ्यात मोठ्यावर केला. भिमा, जाळ्यांतून जो पिवळा लोट आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. डोळे, नाक, कान, मिशा, पांढरा शर्ट, सगळं पिवळं. खिडकी उघडली तर तो धूर बाहेर गेला आणि मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं मला नमस्कार केला. त्या अवतारात मी तुमच्या तिकडच्या, हायवेवरच्या काचेच्या शोरूममध्ये शिरलो. तिथल्या टाय लावलेल्या साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, तुमचं लग्न आहे का आज?" मी म्हणालो, नाही, गाडीचं आहे, तिला उतरवून घ्या.

तिथं त्यांनी मला कॉफी दिली. गाडीला एका वायरनं कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटरनं एसीच्या फिल्टरबद्दल बरंच काही सांगितलं (त्यात हळद किती आहे ते सोडून), आणि चाकाबद्दल एवढंच की मागच्या डाव्याचा सेन्सर म्हातारा झालाय. नवा बसवला. साहेब म्हणाले, "सर, रीसेट मारलंय, आता दिवा पेटणार नाही." येताना दिवा नव्हता. तू लगेच म्हणशील, 'दादा, ते शोरूम माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, मग आईला सोबत का नाही आणलंस?' मला हा प्रश्न येताना चाकणपर्यंत कुणी विचारला नाही, म्हणून मीही विचारला नाही. आईचंच म्हणणं होतं की आधी गाडी बरी होऊन येऊ दे, आजारी गाडीत बसत नसतात. तेव्हा गाडी तुझ्या दारावरून जाऊन आली आणि आई ओट्यावरच राहिली. हे मला शोभलं नाही हे मान्य करतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसरं गाठोडं डिकीत, साळुबाई मिस कॉलची वाट पाहत घरात, आणि टुंग. या वेळी पुढचं उजवं! जे चाक आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात, ते. भागू म्हणाली, "जाऊ दे आता, आजचा दिवस राहू द्या." आई म्हणाली, "बघ बाबा, माझं काय हाय, मी कवाबी तयार हाय." मी गाठोडं डिकीतून काढलं.

तर हकीकत ही अशी. त्यात आईचा, भागूचा किंवा माझा काही दोष नाही, हे तुला आणि दिशाला पटावं. दिवा विझला की लगेच निघतो. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. दिशाला सांग, राग धरू नको. पोरांना सांग, काका येताना पेरू आणील.

तुझा,
दादाभाऊ

ता. क. वरचं सगळं खरं आहे, फक्त पुरं नाही. सही केल्यावर वाटलं, भावाला अर्धं सांगून काय उपयोग. पुढचं उजवं बसलं त्या दुपारी मी जेवून चिंचेखाली खाट टाकली, गाडीच्या पलीकडच्या बाजूला, आणि तोंडावर टॉवेल घेतला. घरात सगळे आडवे. थोड्या वेळानं मला चपलेचा आवाज आला, आणि तो कुणाचा हे ओळखायला मला कळप लागत नाही. मग 'सूंऽऽ' असा बारीक आवाज. मी टॉवेल बाजूला केला आणि गाडीच्या खालून पलीकडं पाहिलं. आई मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसलेली, हिरवी टोपी काढून ओच्यात ठेवलेली, हातात बाभळीचा काटा. व्हॉल्व्हमध्ये काटा दाबून ती चाकाशी बोलत होती, "जा, जा. तुला काय, तू कुठंबी जाशील. माझं तसं न्हाई." हवा हवी तेवढी गेली असं वाटल्यावर तिनं टोपी नीट फिरवून बसवली, टायरवरून हात फिरवला, जशी दूध काढून झाल्यावर शेळीच्या पाठीवरून फिरवायची तसा, आणि निघून गेली. एवढ्या वयात चाकाला टोपी बसवायला ती कुणाकडून शिकली, मला माहीत नाही. मी टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. त्याच संध्याकाळी ती आणि साळुबाई मागच्या दारी बोलत होत्या, मी न्हाणीघरात होतो. (मी मुद्दाम ऐकत नाही. माझे कान ऐकतात, मी फक्त त्यांच्यासोबत असतो.) आई म्हणत होती, "धाकल्याकडं काय कमी न्हाई गं. दिशा तर लई गुणाची. पण मी म्हणलं, चहा कडू झालाय, तर म्हणती, सॉरी मम्मी. मी म्हणलं, भाजीला मीठ न्हाई, तर पुन्हा सॉरी मम्मी. आता सॉरीला काय उत्तर देऊ? सहा महिने भांडणावाचून तोंडाला बुरशी येती माझ्या." साळुबाई म्हणाल्या, "मंग दादाभाऊला सांग ना सरळ." त्यावर आई, "सांगू कसं? दोघांना सारखं धरलंय मी आजवर. एकाकडं जायचं न्हाई म्हणलं तर त्याच्या बायकुला काय वाटंल? आणि आळीभर सांगून बसले, धाकल्याकडं चालले, इमानासारखी लिफ्ट हाय तिथं."

ता. क. दुसरं. मी तिला काही बोललो नाही, आणि म्हणून पुढचं माझ्या अंगावर आलं. दिशानं त्या रात्री आईसाठी बनवून घेतलेल्या सुंभाच्या खाटेचा फोटो पाठवला. गादीवर आईला झोप येत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवलंत. आईनं तो फोटो बराच वेळ पाहिला, मोठा कर म्हणाली, आणि पुन्हा पाहिला. मग तिनं काटा टाकून दिला. मागचं डावं चाक सुधारलं. दिवा पेटेना. आईनं न सांगता गाठोडं बांधलं, वरवंटा आत घातला, आणि दाराशी बसून राहिली. म्हणजे आता खरंच न्यायची वेळ आली. मी त्या सकाळी गाडीची हवा पाहायला म्हणून उठलो, भिमा, खरोखर नुसती पाहायला. मागच्या उजव्यापाशी बसलो, टोपी काढली, आणि हवा सूंऽऽ करत गेली तरी व्हॉल्व्हवर दाबलेला माझा अंगठा तिथून निघेचना. तुला काय सांगू. फाट्यावर मला सगळे शेठ म्हणतात. गेणभाऊही गिऱ्हाईक नसलं की शेठ म्हणतो. दिवसभर लोक माझ्या बोलण्याला हो हो करतात. संध्याकाळी घरी आलो की आई म्हणते, "आलास व्हय गाढवा, पाय धू." तेवढ्यावर मी उभा आहे. गेल्या वर्षी ती तुझ्याकडे होती, तेव्हा सहा महिने मला कुणी गाढव म्हणालं नाही, आणि त्या सहा महिन्यांत मी दोन सौदे चुकीचे केले.

ता. क. तिसरं, आणि आता खरं काम. दोन्ही घरांचा मान राहील असं काहीतरी करायला पाहिजे. तेव्हा येत्या रविवारी संध्याकाळी फोन कर, जरा मोठ्यानं बोल, आणि सांग की तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आहे, पार्ट मिळत नाही, दसऱ्यापर्यंत काही खरं नाही. आई म्हणेल, "मंग मी आकरा मजले कशी चढू बाबा," बिल्डरला पाच मिनिटं शिव्या देईल, आणि तिचा नकार लिफ्टच्या नावावर जाईल. आळीतही तेच सांगता येईल. दिशाच्या मनाला लागणार नाही, कारण तिच्या खाटेला कुणी नाही म्हणालेलं नाही, जिन्याला म्हणालंय. ती खाट इकडं पाठवून दे, आई तुझी आठवण म्हणून त्याच खाटेवर झोपेल. आणि इथून पुढं आईची सहामाही बंद करू. आपणच बारी लावू. सुट्टीत तुम्ही इथं या, दिवाळीत मी तिला घेऊन चार दिवस तिकडं येईन, लिफ्ट सुरू झाल्याचं निमित्त करून. दिशाला एवढंच सांग की चहा कडू झाला म्हटलं की सॉरी म्हणायचं नाही. म्हणायचं, "कडूच असतो, गप प्या." मग बघ.

हे पत्र भागूजवळ देतोय, ती फाट्यावर जाताना पोस्टात टाकेल. हिरव्या टोप्या काढून कुणी काय केलं, त्याबद्दल तिला काही लिहू नको, तिला यातलं काही माहीत नाही.

ता. क. चौथं (हे मी लिहितेय, भागू)

भावजी, नमस्कार. दिशाला सांगा मला फोन करायला. पाकीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून वाचलं. चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं. तुमचे दादा लई कानाचे तयार, पण मी रोज त्यांच्या उशाशी उठते ते त्यांना ऐकू येत न्हाई. पुढचं उजवं चाक त्यांनी आत्याबाईंच्याच नावावर धरलेलं दिसतंय. ते चुकीचं हाय. ती हवा मी काढली. काटा न्हाई वापरला, माझी केसातली पिन वापरली. आत्याबाई गेल्या की मी सकाळी उठून भांडायचं कुणाशी? ह्यांच्याशी भांडलं तर हे ऐकून घेतात, त्यात काय मजा. गेल्या वर्षी सहा महिने मी भांडी जोरात आपटत व्हते, तरी कुणी ईचारलं न्हाई की काय झालं.

लिफ्टचा फोन रविवारी कराच, इसरू नका. आत्याबाईंना मी आत्ताच ईचारून बसले, धाकल्या भावजींच्या लिफ्टला काय झालंय का, तर त्या म्हणाल्या, "व्हय गं, लई दिसांपासून बिघडली वाटतं." म्हंजी तुमचं काम निम्मं झालंय. आणि चाकांचं म्हणाल तर एक खिळ्याचं, एक आत्याबाईंचं, एक तुमच्या दादांचं, एक माझं. ह्या घरात एवढी सरळ वाटणी पहिल्यांदाच झाली.